एका जगाची अनेक घड्याळं: आभासी जगाच्या सर्व्हरची वेळ कशी जुळवायची

आभासी जगातल्या सिंहगडाचा पायथा एका सर्व्हरवर चालतो, पुणे दरवाजा दुसऱ्यावर. खेळाडू वाट चढत सीमेपलीकडे जातो तेव्हा खाली मावळतीचं ऊन असतं आणि वर पोचताच टळटळीत दुपार होते. हातातली मशाल अजून दहा सेकंद जळायची असते, ती सीमेवर एकदम विझते किंवा विझतच नाही. काय झालं म्हणून लॉग उघडावा, तर दरवाज्यात पोचल्याची नोंद पायथा सोडल्याच्या आधीची दिसते. अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय असतो, ‘एनटीपी लावा’, म्हणजे नेटवर्कवरून यंत्रांची घड्याळं जुळवणारी पद्धत. तो लावायलाच हवा. पण त्याने या तीनपैकी फक्त लॉगची तक्रार पूर्ण मिटते. सूर्य आणि मशाल बिघडतात ते प्रोग्रामने भलतंच घड्याळ वापरल्यामुळे.

पुढची मांडणी पाच-सहा यंत्रांच्या जगासाठी आहे: दोन-तीन यंत्रं बाणेर-कोथरूडकडच्या एखाद्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये, एक-दोन क्लाउडवर. सगळीकडे लिनक्स धरलं आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायची.

आधी तीन घड्याळं वेगळी करा

पहिलं घड्याळ खऱ्या वेळेचं. लिनक्समध्ये त्याला क्लॉक रिअलटाइम म्हणतात. तारीख-वार यातून मिळतो, एनटीपी हेच दुरुस्त करतं, आणि म्हणूनच ते पुढे किंवा मागे उडी मारू शकतं.

दुसरं क्लॉक मोनोटॉनिक. यंत्र सुरू झाल्यापासून किती काळ गेला एवढंच ते सांगतं आणि कधीही मागे जात नाही. टिक (जग एकेक पाऊल पुढे नेणारी हिशेबाची फेरी) मोजणं, मशाल किती जळली, हल्ल्यानंतर किती थांबायचं, जोडणी तुटली असं कधी मानायचं, हे सगळं यावर चालवायचं. जावात सिस्टिम नॅनोटाइम, सी शार्पमध्ये स्टॉपवॉच, सी प्लस प्लसमध्ये स्टेडी क्लॉक ही याचीच रूपं. मर्यादा एकच, पण मोठी: एका यंत्रावरचा मोनोटॉनिक आकडा दुसऱ्या यंत्रावर निरर्थक असतो. तो नेटवर्कवरून पाठवायचा नाही आणि डेटाबेसमध्येही ठेवायचा नाही.

तिसरं घड्याळ जगाचं: सूर्य कुठे आहे, आज जगातला कितवा दिवस, चंद्राची कला कोणती. हे पहिल्यावरून गणिताने काढायचं.

कोड तपासायला बसलात तर सर्वात आधी ‘आत्ताची वेळ’ मागणाऱ्या सगळ्या ओळी शोधून काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा की इथे कालावधी हवा आहे, क्षण हवा आहे की जगाची वेळ. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. दोन ‘आत्ताच्या’ खऱ्या वेळांची वजाबाकी करून कालावधी काढणारी प्रत्येक ओळ हा दोषच समजा. माइनक्राफ्ट या खेळाच्या जुन्या सर्व्हरवर येणारा इशारा आठवून पाहा: सर्व्हरला वेग झेपत नाही, सिस्टिमची वेळ बदलली का, की ताण जास्त आहे? घड्याळाची उडी आणि ताण यांतला फरक प्रोग्रामला कळत नाही, तो असा.

किती अचूकता लागते

सेकंदाला २० टिक असतील तर एक टिक ५० मिलिसेकंदांचा. सर्व्हर एकमेकांशी १० मिलिसेकंदांच्या आत जुळले तर सीमा ओलांडताना खेळाडूला काही जाणवत नाही. लॉगचा क्रम लावायला ५ मिलिसेकंद पुरतात. लॉगिनच्या टोकनला काही सेकंदांचा फरक चालतो. दुहेरी पडताळणीचे सहा आकडी कोड सहसा दर ३० सेकंदांनी बदलतात, तिथे मिनिटभराचा फरक घात करतो.

म्हणजे मायक्रोसेकंदांच्या मागे लागायचं कारण नाही. पीटीपी या त्याहून काटेकोर पद्धतीसाठी खास नेटवर्क कार्ड आणि स्विच घेण्यात पैसे घालू नका. एकाच स्विचवरची यंत्रं साध्या एनटीपीने मिलिसेकंदाच्या खूपच आत जुळतात, इंटरनेटवरून काही मिलिसेकंदांत.

काहीच लावलं नाही तर काय होतं तेही बघू. घड्याळाची चूक दशलक्षांशात मोजतात आणि एक दशलक्षांश म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद. साध्या मदरबोर्डवरचा क्वार्ट्झ, म्हणजे घड्याळाला ठोके देणारा स्फटिक, २० ते ५० दशलक्षांश चुकू शकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन ते सव्वाचार सेकंद. शिवाय ही चूक तापमानाबरोबर बदलते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर ठेवलेलं यंत्र दुपारी एका गतीने सरकतं आणि पहाटे दुसऱ्या. म्हणून ‘रोज रात्री एकदा वेळ लावून टाकू’ हा क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवण्याचा, उपाय धरू नका. त्याने दिवसभर चूक साचते आणि रात्री ठरल्या वेळी उडी बसते.

वेळ कुठून घ्यायची

भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनपीएलचं. तिचा एनटीपी सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राचे, दोन आहेत: समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, डेटा सेंटर आणि कंपन्यांनी आपली घड्याळं या सर्व्हरशी किंवा ज्यांच्या वेळेचा माग त्यांच्यापर्यंत पोचतो अशा सर्व्हरशी जोडायची आहेत. लॉगही १८० दिवस ठेवायचे आहेत. ज्यांची यंत्रं अनेक देशांत आहेत त्यांना दुसरा अचूक स्रोत चालतो, मात्र तो एनपीएल-एनआयसीच्या वेळेपासून ढळता कामा नये.

स्रोत किती? एक असेल तर तो चुकला तरी कळत नाही. दोन सर्वात वाईट: दोघांत मतभेद झाला तर खरं कोणाचं हे ठरवता येत नाही. तिनांमध्ये एक खोटा ओळखता येतो. चार ठेवा, म्हणजे एक बंद पडला तरी तीन उरतात. वरच्या तिघांच्या जोडीला इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी हा चौथा पुरेसा आहे.

इथे एक सापळा आहे. लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला घातलेला जादा सेकंद, आला की काही क्लाउड कंपन्या तो एकदम न घालता अनेक तासांवर पसरवतात. गूगल दुपार ते दुपार असे २४ तास घेते. त्या काळाच्या मध्यावर पसरवणारा आणि न पसरवणारा स्रोत यांत अर्ध्या सेकंदाचा फरक असतो. म्हणून असे दोन प्रकार एका यादीत मिसळायचे नाहीत. आजवरचा शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस आला, आपल्याकडे तो १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचच्या आधीचा सेकंद होता. ही पद्धत २०३५ पर्यंत बदलायचं २०२२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आहे, पण तोवर यादी स्वच्छ ठेवलेली बरी.

आता रचना. आभासी जगात सर्व्हर जगाच्या वेळेशी किती जुळतात यापेक्षा एकमेकांशी किती जुळतात हे महत्त्वाचं. सगळे मिळून ४ मिलिसेकंद पुढे असले तर कोणाचं काही बिघडत नाही. एक ४० मागे असला की मशाल बिघडते. म्हणून स्वतःच्या नेटवर्कवर दोन वेळ-सर्व्हर ठेवा. छोटी पण खरी यंत्रं असू द्या, व्हर्च्युअल नकोत. दोघांनी बाहेरच्या चार स्रोतांकडून वेळ घ्यायची, आणि प्रदेश चालवणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या यादीत हे दोन आणि पंच म्हणून बाहेरचा एक.

क्रोनी बसवणं

एनटीपीने घड्याळ जुळवणारा प्रोग्राम म्हणून क्रोनी घ्या. उबंटूवर वर्षानुवर्षं आपोआप येत असलेला सिस्टिमडी टाइमसिंकडी साधा आहे. तो अनेक स्रोत ताडून पाहत नाही, इतरांना वेळही देत नाही. उबंटू-डेबियनवर क्रोनी बसवला की तो आपोआप निघतो. इतरत्र मात्र जुना एनटीपीडी किंवा दुसरं काही चालू नाही ना ते हाताने तपासा. दोन प्रोग्राम एकाच घड्याळाला ओढत असतील तर वेळ सतत खालीवर होत राहते आणि कारण सापडता सापडत नाही.

क्रोनीची फाइल उघडली की आधीच्या पूलच्या ओळी काढून टाका. वेळ-सर्व्हरवर चार स्रोत लिहा, प्रत्येकापुढे ‘आयबर्स्ट’, म्हणजे सुरू होताच लागोपाठ काही विचारणा होऊन काही सेकंदांत वेळ मिळते. ‘अलाउ’ पुढे फक्त आपल्या आतल्या नेटवर्कचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.०/२४. ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ इंटरनेट गेल्यावर उपयोगी पडते: बाहेरचं कोणी नसलं तरी वेळ-सर्व्हर आतल्यांना वेळ देत राहतो, आणि स्ट्रॅटम (मूळ घड्याळापासून कितवी पायरी, आकडा लहान तितका स्रोत जवळचा) १० असल्याने खरा स्रोत परतला की त्यालाच मान मिळतो. दोन वेळ-सर्व्हर आहेत म्हणून त्याच ओळीत ‘ऑर्फन’ जोडा आणि दोघांच्या यादीत एकमेकांची नावं घाला, म्हणजे तुटलेल्या काळात दोघं दोन दिशांना जाणार नाहीत.

प्रदेशाच्या यंत्रांवर आतल्या दोन सर्व्हरपुढे ‘मिनपोल ४ मॅक्सपोल ६’ लिहा. हे दोनाचे घात आहेत: विचारणा दर १६ ते ६४ सेकंदांनी होईल. सार्वजनिक सर्व्हरना मात्र इतक्या घाईने विचारू नका, तिथे ६ आणि १० ही मूळ मूल्यंच राहू द्या.

‘मेकस्टेप १ ३’ याचा अर्थ पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एका सेकंदाहून जास्त असेल तरच उडी मारायची. नंतर कितीही फरक दिसला तरी हळूहळू ओढून आणायचं. जग चालवणाऱ्या यंत्राला हेच हवं.

आता सहसा कोणी न पाहणारं सेटिंग, ‘मॅक्सस्ल्यूरेट’. हळूहळू ओढणं किती वेगाने करायचं ते हे ठरवतं. क्रोनीचं मूळ मूल्य सुमारे ८३,३३३ दशलक्षांश आहे, म्हणजे घड्याळ नेहमीपेक्षा बारावा हिस्सा जास्त वेगाने पळू शकतं. ते पळतं तेव्हा क्लॉक मोनोटॉनिकही त्याच्याबरोबर पळतं, कारण दोघांना गती एकाच ठिकाणून मिळते. अशा वेळी तुमचा ५० मिलिसेकंदांचा टिक प्रत्यक्षात सुमारे ४६ चा होतो आणि शेजारच्या प्रदेशापेक्षा या प्रदेशातली माणसं भरभर चालू लागतात. म्हणून हे मूल्य ५०० करा. एक सेकंदाची चूक भरून निघायला मग ३३ मिनिटं लागतात, पण कोणाच्या लक्षात येत नाही. क्लॉक मोनोटॉनिक रॉ नावाचं घड्याळ या ओढाताणीतून मोकळं असतं. पण त्यात क्वार्ट्झची मूळ चूक तशीच राहते, म्हणून टिकसाठी ते वापरू नका.

‘ड्रिफ्टफाइल’ची ओळ राहू द्या. यंत्राचा क्वार्ट्झ किती चुकतो ते तिथे साठतं आणि पुन्हा सुरू झाल्यावर कामी येतं. ‘आरटीसीसिंक’ही ठेवा, त्याने मदरबोर्डवरचं बॅटरीचं घड्याळ वेळोवेळी ताजं होतं.

फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या. बाहेरून आत मात्र फक्त आपल्या नेटवर्ककडून. जुने एनटीपी सर्व्हर इंटरनेटला उघडे ठेवल्यामुळे इतरांवर हल्ले करायला वापरले गेले आहेत, त्यात भर नको.

शेवटची पायरी म्हणजे क्रम, आणि गडबड इथेच होते: घड्याळ जुळायच्या आत जग सुरू होता कामा नये. जगाच्या सेवेच्या युनिट फाइलमध्ये ‘आफ्टर’ पुढे ‘टाइम-सिंक टार्गेट’ लिहा आणि ‘क्रोनी-वेट’ ही सेवा चालू करा. ती नसेल तर सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘क्रोनीसी वेटसिंक ६० ०.०१’ घाला: दर १० सेकंदांनी एक असे ६० प्रयत्न, आणि उरलेली दुरुस्ती १० मिलिसेकंदांच्या आत आली की पुढे. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावं लागतं. वीज आली की सगळी यंत्रं एकदम उठतात, पण फायबरचं मोडेम आणि राउटर काही मिनिटांनी जागे होतात. ही अट नसेल तर त्या मिनिटांत जग चुकीच्या वेळेवर सुरू होतं, आणि मग वेळ दुरुस्त होते ती चालू जगाच्या मधोमध. राउटर आणि दोन्ही वेळ-सर्व्हर छोट्या यूपीएसवर ठेवा. त्यांना वीज फार लागत नाही.

जुळलं का ते पाहणं

‘क्रोनीसी सोर्सेस’ दिल्यावर प्रत्येक स्रोतापुढे खूण दिसते. तारा म्हणजे सध्या निवडलेला, अधिक म्हणजे जोडीला घेतलेला, फुली म्हणजे इतरांशी न जुळणारा, प्रश्नचिन्ह म्हणजे न सापडलेला. ‘रीच’ या रकान्यात ३७७ हवं. तो अष्टमान आकडा आहे आणि शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं असा त्याचा अर्थ.

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ जास्त बोलकं आहे. ‘सिस्टिम टाइम’ हा आत्ताचा उरलेला फरक, ‘आरएमएस ऑफसेट’ दीर्घकाळची सरासरी चूक. ‘रूट डिस्पर्शन’मध्ये ‘रूट डिले’चा निम्मा भाग आणि ‘सिस्टिम टाइम’चा फरक मिळवला की जास्तीत जास्त किती चूक असू शकते ते मिळतं. ‘फ्रीक्वेन्सी’ हा आकडा रोजच्या रोज लिहून ठेवण्यासारखा आहे: तो १०० दशलक्षांशांच्या पुढे गेला किंवा एका रात्रीत बदलला तर कर्नलचा लॉग पाहा. ‘टीएससी’, म्हणजे प्रोसेसरमधलं जलद घड्याळ, अस्थिर असल्याची नोंद तिथे सापडली, तर कर्नल दुसऱ्या, संथ घड्याळावर गेलेला असतो आणि नुसती वेळ विचारणंही महाग पडू लागतं. सेकंदाला हजारो वेळा वेळ विचारणाऱ्या प्रोग्रामचा टिक त्याने लांबतो.

एक पद्धत टाळा: दोन यंत्रांवर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर आज्ञा चालवण्याच्या जोडणीने) तारीख विचारून आकडे ताडणं. एसएसएचची जोडणी व्हायलाच काही शे मिलिसेकंद जाऊ शकतात. त्यापेक्षा सगळ्या यंत्रांवर एकाच आतल्या सर्व्हरशी असलेला फरक क्रोनीकडूनच घ्या आणि ते ताडा.

व्हर्च्युअल यंत्रं आणि क्लाउड

अॅझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्यातच आहे. तिथल्या लिनक्स यंत्राला हायपर-व्हीकडून, म्हणजे तिथली व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या प्रणालीकडून, पीटीपीचं उपकरण मिळतं. क्रोनीमध्ये ‘रेफक्लॉक पीएचसी’ पुढे त्या उपकरणाचा मार्ग दिला की यजमान यंत्राची वेळ थेट मिळते. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई विभागात १६९.२५४.१६९.१२३ हा पत्ता वापरतात. स्वतःच केव्हीएमने व्हर्च्युअल यंत्रं चालवत असाल तर ‘पीटीपी केव्हीएम’ हे मॉड्यूल हेच काम करतं. नेटवर्क मध्ये नसल्यामुळे हे स्रोत फार स्थिर असतात.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हर्च्युअल यंत्राची जतन केलेली स्थिती, सर्वात धोक्याचा. कालचा स्नॅपशॉट मेमरीसकट परत आणला तर पाहुण्या यंत्राचं घड्याळ काल थांबलं होतं तिथूनच चालू लागतं. पहिल्या तीन दुरुस्त्या केव्हाच होऊन गेल्यामुळे क्रोनी उडी मारत नाही. दिवसभराचा फरक मूळ मूल्याच्या, बाराव्या हिश्श्याच्या वेगाने भरायचा तरी १२ दिवस लागतील, ५०० वर तर कित्येक वर्षं. म्हणून क्रम पाळा: जगाची सेवा थांबवा, स्नॅपशॉट परत आणा, ‘क्रोनीसी मेकस्टेप’ द्या, वेटसिंक होऊ द्या, मग सेवा सुरू करा.

व्हीएमवेअर असेल तर टूल्सचं वेळ जुळवणं बंद करा. नेहमीचं बंद केलं तरी झोपेतून उठताना किंवा स्नॅपशॉट परत आणताना ते एकदा वेळ लावतंच. त्यासाठीची सेटिंग वेगळी असतात.

कंटेनरमध्ये क्रोनी चालवायचा नाही. सगळे कंटेनर यजमानाचंच घड्याळ वापरतात. कंटेनरमध्ये साडेपाच तास मागची वेळ दिसली तर घाबरू नका, तिथला टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे एवढंच. तो तसाच राहू द्या आणि डेटाबेस, लॉग, संदेश सगळीकडे यूटीसीच वापरा. भारतीय वेळ फक्त माणसाला दाखवताना.

जगाचं घड्याळ: मोजू नका, काढा

बरीच जगं आपला दिवस टिक मोजून पुढे नेतात. माइनक्राफ्टचा दिवस २४,००० टिकांचा, म्हणजे २० मिनिटांचा. पण ताणामुळे सेकंदाला २० ऐवजी १७ टिक झाले की त्या सर्व्हरवरचा सूर्य मागे पडतो, आणि मागे पडलेला पुन्हा कधी जुळत नाही. दोन सर्व्हरवरचा ताण सारखा नसतो, त्यामुळे एनटीपी कितीही नीट असला तरी इथे मशालीसारखाच सूर्यही फसतो.

उपाय म्हणजे सूत्र. जगाची वेळ बरोबर सुरुवातीची जगवेळ अधिक (आत्ताची यूटीसी वजा आरंभक्षण) गुणिले वेगाचा गुणक. आरंभक्षण, सुरुवातीची जगवेळ आणि गुणक हे तीन आकडे एका ठिकाणी, डेटाबेसमध्ये, आवृत्ती क्रमांकासह ठेवा. प्रत्येक सर्व्हर ते वाचतो आणि स्वतः हिशेब करतो. सर्व्हर बंद पडून उठला तरी सूर्य जागेवर.

दिवस किती लांबीचा घ्यायचा यावर थोडं थांबा. सेकंड लाइफ या आभासी जगाने चार तासांचा रूढ केला, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. पण २४ ला ४ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे रोज कामावरून आल्यावर रात्री नऊला जगात शिरणाऱ्याला वर्षभर जगातली एकच वेळ दिसते. कोणाच्या वाट्याला सिंहगडावरची पहाट कधीच येणार नाही. २२० मिनिटांचा दिवस घ्या. १,४४० ला २२० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे रोजची नऊची वेळ जगात पुढे सरकत राहते.

जगात पुण्याचा खरा सूर्य दाखवायचा असेल तर भारतीय प्रमाणवेळ थेट सूर्याला लावू नका. ती ८२ अंश ३० मिनिटं रेखांशाची आहे आणि पुणे सुमारे ७३ अंश ५१ मिनिटांवर. पुण्याची मध्यान्ह सरासरीने घड्याळात १२ वाजून ३५ मिनिटांना येते, आणि पृथ्वीच्या कक्षेमुळे व अक्षाच्या कलामुळे फेब्रुवारीच्या मध्यावर ती १२:४९ च्या आसपास जाते तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ पर्यंत येते. यूटीसी, तारीख आणि अक्षांश-रेखांश यांवरून सूर्याचं स्थान काढा. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर मानलात तर शनिवारवाड्याच्या दरवाज्याची सावली सरासरीने अर्ध्या तासाहून जास्त चुकते.

माइनक्राफ्टसारख्या, आतून मोजणाऱ्या सर्व्हरवर दर ३० सेकंदांनी सूत्रातली वेळ काढा आणि फरक २० टिकांहून जास्त असेल तरच लावा. लावताना फक्त दिवसातली वेळ देऊ नका. गेलेल्या दिवसांना २४,००० ने गुणून पूर्ण आकडा द्या, नाहीतर दिवसांची मोजणी शून्यावर जाते आणि चंद्राची कला बदलते.

गुणक बदलायचा असेल, समजा उत्सवासाठी रात्र लांबवायची आहे, तर बदल ‘आत्तापासून’ कधीही करू नका. तो सगळ्या सर्व्हरपर्यंत एकाच क्षणी पोचत नाही. दोन मिनिटं पुढचा क्षण ठरवा, त्या क्षणाची जगवेळ जुन्या सूत्राने काढा, तीच नव्या सूत्राची सुरुवात करा आणि नवी आवृत्ती आधीच वाटून ठेवा. ठरलेला क्षण आला की सगळे एकत्र बदलतात आणि सूर्य अडखळत नाही.

सीमा ओलांडताना

मशालीचा प्रश्न इथे सुटतो. पायथ्याच्या सर्व्हरने ‘मशाल अमुक टिकला विझेल’ असं पाठवायचं नाही. ‘१०.० सेकंदं उरली, हे यूटीसीच्या अमुक मिलिसेकंदाला लिहिलं’ असं पाठवायचं. घेणारा आपल्या यूटीसीवरून वाटेत गेलेला काळ वजा करतो आणि तिथून पुढे स्वतःच्या मोनोटॉनिकवर मोजतो. वाटेतला काळ ऋण निघाला तर शून्य धरा आणि नोंद करा. अशा नोंदी वाढल्या की कोणाचं घड्याळ सरकतंय ते क्रोनीच्या आधी तुम्हाला कळेल.

वस्तू कोणाच्या मालकीची, हे मात्र वेळेवरून कधीही ठरवू नका. ‘नंतरची वेळ असलेली नोंद खरी’ हा नियम घड्याळ काही मिलिसेकंद मागे असताना जुनी नोंद खरी ठरवतो, आणि एक तलवार दोन प्रदेशांत दिसू लागते. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, हस्तांतर झालं की तो एकने वाढवा, मोठा क्रमांक जिंकेल. घटनांचा क्रम लावायला खऱ्या वेळेचं घड्याळ लागत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडलं आहे. वेळेवरून ओळख-क्रमांक तयार करत असाल तर मागचा क्रमांक दिलेली वेळ लक्षात ठेवा. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर ते तिथवर येईपर्यंत नवा क्रमांक देऊ नका.

खेळाडूचं यंत्र

खेळाडूच्या फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही. ते मुद्दाम बदलता येतं. त्याऐवजी फरक मोजा. फोन १,००० ला संदेश पाठवतो. सर्व्हरला तो स्वतःच्या १,५३० ला मिळतो आणि १,५३२ ला उत्तर निघतं. फोनला ते १,०९२ ला पोचतं. जाण्यायेण्याचा वेळ ९२ वजा २, म्हणजे ९० मिलिसेकंद. फरक म्हणजे ५३० आणि ४४० यांची सरासरी, ४८५. यात चूक जास्तीत जास्त ४५ मिलिसेकंद असू शकते, कारण जाणं आणि येणं सारखं असेल असं आपण धरलं. मोबाइल नेटवर्कवर ते बऱ्याचदा सारखं नसतं. म्हणून आठ-दहा वेळा मोजा आणि ज्या फेरीला सर्वात कमी वेळ लागला तिचाच फरक घ्या. सगळ्यांची सरासरी घेतली तर रांगेत अडकलेले संदेश उत्तर बिघडवतात. नंतर मिनिटाला एकदा मोजत राहा आणि नवा फरक दोन-तीन टक्के वेग कमीजास्त करून मुरवा.

आकडा पाहून कारण ओळखणं

नेमका साडेपाच तासांचा फरक म्हणजे घड्याळ बरोबर आहे, टाइमझोन चुकला. विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असतील तर हमखास होतं, कारण विंडोज बॅटरीच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. नेमके १८ सेकंद म्हणजे कोणीतरी जीपीएसची वेळ यूटीसी समजून घेतली. ३७ म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुवेळ आत शिरली, पीटीपीच्या चुकीच्या सेटिंगमुळे. १,०२४ आठवडे, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षं मागे असेल तर जुन्या जीपीएस रिसीव्हरचा आठवड्यांचा आकडा उलटला. वीज गेल्यावर प्रत्येक वेळी जुनंच साल येत असेल तर सीआर२०३२ ही गोल बॅटरी बदला.

इशारे कुठे लावायचे? फरक पाच मिनिटं सलग १० मिलिसेकंदांच्या वर राहिला तर निरोप. १०० च्या वर गेला तर त्या प्रदेशाने सीमेवरून नवी माणसं घेणं थांबवायचं, आतल्यांना खेळू द्यायचं. यंत्राला स्रोतच नसेल तर अर्ध्या तासापर्यंत चालवा, कारण ड्रिफ्टफाइलच्या जोरावर घड्याळ तेवढ्यात फारसं ढळत नाही.

हे सगळं लावून झाल्यावर चाचणीच्या प्रतीवर, खऱ्या जगावर नव्हे, एका यंत्राचा क्रोनी थांबवून घड्याळ हाताने तीन सेकंद मागे घ्या आणि एक खेळाडू सीमेवरून चारदा ये-जा करू द्या. टिक अडखळला तर कुठेतरी खऱ्या वेळेची वजाबाकी उरली आहे. मशाल चुकली पण इशारा आला तर रचना ठीक आहे. वस्तू दोन झाल्या तर मालकी अजून वेळेवर ठरतेय. लॉगिन अडलं तर टोकन तपासताना थोडीही सवलत ठेवलेली नाही. ती पाच सेकंदांची करा, आणि हीच चाचणी घड्याळ तीन सेकंद पुढे नेऊन पुन्हा घ्या.